हुतात्म्यांचे ऋण कसे फेडावे?

(१३ डिसेंबर, गारगोटीच्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, भुदरगड तालुक्यातील एका खेड्यातील शाळेच्या पटांगणात एका शिक्षकाने केलेले भाषण.)



आज सकाळी आपल्या गावातून दोन टेम्पो भरून मंडळी गारगोटीस गेली. तेथे सात हुतात्म्यांच्या स्मारकाला हार घातले, घोषणा दिल्या, आणि दुपारच्या भाकरीला सर्वजण आपापल्या घरी परत आले. आम्हीही त्यांत होतो. परत येताना सातवीतील एका मुलाने आम्हास एक प्रश्न विचारला. पोर सुताराचे. घरात उधारीची वही आहे, कोणाकडून किती येणे आणि कोणाचे किती देणे हे त्याच्या रोज कानांवर पडते. तो म्हणाला, "गुरुजी, आपण दरसाल हार घालतो, तर त्यांचं देणं किती सालांत फिटणार?"

आम्ही त्यास म्हणालो, "मोठा झालास की कळेल." वेळ मारून नेली. परंतु मास्तराने असे करणे बरे नव्हे. ज्यास ट्रेनिंग कॉलेजात मुलांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचेच शिक्षण मिळाले, त्याने प्रश्न टाळावा हे लाजिरवाणे आहे. म्हणून त्या मुलाचे उत्तर आज आम्ही तुम्हा सर्वांसमोर देत आहोत. ते देताना आमच्या स्वतःच्या घरातली एक गोष्टही सांगावी लागणार आहे, आणि ती काही फुशारकीने सांगण्यासारखी नाही.

प्रथम ते सातजण कोण, हे पाहू. १९४२ च्या ऑगस्टात मुंबईत गवालिया टँकच्या मैदानावरून इंग्रजास 'चालते व्हा' असे सांगण्यात आले, आणि तो वणवा आपल्या कोल्हापूर संस्थानातही पसरला. संस्थानात गादी आपल्या राजाची, परंतु वरचा हात इंग्रजाचा. त्या साली १३ डिसेंबरला क्रांतिकारकांच्या तुकडीने गारगोटीच्या कचेरीवर चाल केली. कचेरीतला खजिना ताब्यात घ्यावा आणि कैदेतल्या माणसांस सोडवावे हा त्यांचा बेत होता. खजिना म्हणजे तरी काय? रयतेने घाम गाळून भरलेला साराच तो! पोलिसांच्या गोळीबारात त्या ठिकाणी सातजण पडले.

त्यांची आडनावे ऐका: स्वामी, वारके, भारमल, इंगळे, चौगुले, जबडे, साळुंखे. यात कोणी सरदार आहे काय? कोणी जहागीरदार आहे काय? विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला कोणी आहे काय? ही आडनावे तर आपल्या मुलुखातल्या शाळांच्या हजेरीपटावर रोज वाचली जातात, आणि पोरे "हजर" म्हणतात. त्या सातांतले काहीजण आज कर्नाटकात मोडणाऱ्या खेड्यांतून आले होते. गारगोटीची कचेरी त्यांच्या गावची नव्हती, तो खजिना त्यांच्या घरी जाणार नव्हता. तरी ते आले, आणि परत गेले नाहीत. त्यांच्याही घरी त्या रात्री कोणीतरी भाकरी झाकून ठेवली असेल. हार घालताना आपण त्या झाकून ठेवलेल्या भाकरीचा विचार करतो काय?

आता दुसरी गोष्ट. आपण 'स्वातंत्र्य' हा शब्द एकवचनी वापरतो. परंतु आपल्या शेतकरी व कारागीर घरांच्या मानेवर एकच जोखड नव्हते. एक जोखड इंग्रजाचे, दुसरे संस्थानी कारभाराचे, आणि तिसरे आपल्याच गावाचे: जातीचे, वतनाचे, वेठीचे आणि अज्ञानाचे. पहिले जोखड १५ ऑगस्ट १९४७ रोजी उतरले. दुसरे आपल्या बाबतीत १ मार्च १९४९ रोजी उतरले, त्या दिवशी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तिसरे कोणत्या तारखेला उतरले? या प्रश्नाला एक तारीख नाही. ते थोडे थोडे उतरत आले आहे, आणि दर वेळी कोणीतरी आपले काहीतरी गमावले तेव्हाच ते उतरले आहे.

शाहू महाराजांचे हुकूम आठवा. १९०२ साली महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी राज्यातील नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि जो बाप मुलास शाळेत धाडणार नाही त्यास दरमहा एक रुपया दंड ठरवला. १९१८ साली बलुतेपद्धती मोडली, म्हणजे सुताराच्या पोराने सुतारकीच केली पाहिजे हे बंधन सुटले, आणि कोणालाही कोणताही धंदा मोकळा झाला. १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्वांची मुले एका शाळेत बसवण्याचा हुकूम झाला. वेठबिगारही महाराजांनी कायद्याने बंद केली. या हुकमांपायी महाराजांनी विद्वानांची निंदा सोसली, वरिष्ठांचा रोष घेतला, आणि ६ मे १९२२ रोजी, वयाची पन्नाशीही गाठली नसता, त्यांचा देह पडला.

परंतु बंधूंनो, हुकूम निघतो कागदावर. तो अंमलात आणण्यास पहिले पाऊल टाकणारा मनुष्य लागतो, आणि काटा त्याच्याच पायात मोडतो. राजवाड्याच्या चाकरीत गंगाराम कांबळे नावाचे एक दलित गृहस्थ होते. स्पृश्यांच्या हौदाला हात लावला एवढ्यासाठी त्यांना बेदम मार खावा लागला. महाराजांच्या कानी ही गोष्ट गेली, तेव्हा महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढण्यास मदत केली. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल घातले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण, असा प्रश्न होता. महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा पीत, आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजत. ही गोष्ट आपण आवडीने सांगतो, आणि महाराजांच्या मोठेपणाला हात जोडतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या पाठीवर वळ उठले ती पाठ कोणाची होती, हे विसरू नये. आज कोणत्याही हॉटेलात बसून कोणीही चहा मागवतो, त्या पेल्याची किंमत अगोदर एका माणसाच्या पाठीने भरलेली आहे.

आणि कृतज्ञता कशी असते, हेही याच गृहस्थाकडून शिकावे. महाराज गेल्यावर थोड्याच वर्षांत गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन, आपल्या गरीब समाजबांधवांकडून वर्गणी जमवून, कोल्हापुरात नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभे केले. ज्यांनी महाराजांकडून मोठमोठी इनामे घेतली त्यांच्याआधी हा चहावाला जागा झाला. ज्याच्यापाशी देण्यासारखे सर्वांत थोडे होते, त्याने सर्वांत आधी दिले.

आता माउल्यांसाठी एक गोष्ट सांगतो. आपल्या जिल्ह्यातील कुंभोज गाव सर्वांस ठाऊक आहे. तेथे १८८७ साली कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. त्यात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व जातींची पोरे एका पंगतीस जेवत. पण पंगत म्हटली की धान्य लागते. वर्गणी कधी येई, कधी येत नसे. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई या खात्यापित्या घरच्या. त्यांनी त्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचा एकेक दागिना मोडला, आणि शेवटी धान्य आणण्यासाठी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणे म्हणजे त्या काळच्या बाईला काय वाटत असेल, हे आम्ही पुरुषांनी सांगण्याची गरज नाही. येथे बसलेल्या आयाबहिणी जाणतात. १९३० साली त्या वारल्या. रयत संस्थेचा एवढा मोठा विस्तार त्यांच्या दृष्टीस पडलाच नाही. आज त्या संस्थेत शिकून नोकरीस लागलेली माणसे गावोगावी आहेत. तेव्हा ज्याच्या घरी अशी नोकरी आली आहे, त्याने समजावे की आपल्या घरात लक्ष्मीबाईंच्या सोन्याचा एक कण आहे.

पाहा, कोणी प्राण दिला, कोणी पाठ दिली, कोणी सोने दिले. यांच्यापैकी एकालाही आपली नावे माहीत नव्हती. तुमच्या आमच्यासाठी ते झिजले आणि आपण आयत्या पिठावर रेघोट्या ओढीत आहोत.

येथे आमचे एक वडीलधारे चावडीवर नेहमी म्हणतात ते आठवते. ते म्हणतात, "मास्तर, कसलं स्वातंत्र्य घेऊन बसलाय? खताचा भाव बघा, पोरांना नोकऱ्या न्हाईत, कचेरीत कागद हलत न्हाई. मेली ती माणसं, मजा मारली भलत्यांनी." बाबांचे हे बोलणे आम्ही उडवून लावीत नाही. जोतीराव फुल्यांपासून आपल्या बहुजन समाजातील विचारी माणसे हाच प्रश्न विचारीत आली आहेत, की राज्य बदलले तर त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडणार? प्रश्न खरा आहे. परंतु त्याचे उत्तर आता दुसऱ्या कोणाकडे मागता येत नाही. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेने अस्पृश्यता बंद केली, वेठ बंद केली, आणि प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मताचा अधिकार दिला. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. पाटलाचे मत एक आणि चांभाराचे मतही एकच. ज्या कारभारात रयतेला कचेरीच्या पायरीवर जोडे काढून उभे राहावे लागे, तो कारभार कोणी करावा हे ठरवण्याचा अधिकार त्या रयतेच्या हाती आला. मग बाबा, मजा भलत्यांनी मारली असेल, तर ती मारण्याचा परवाना त्यांना कोणी दिला?

येथेच आम्हास आमच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक होती. कोणत्या सालची, कोणती पार्टी, हे आम्ही सांगणार नाही. आम्ही सरकारी नोकर. कोणा पार्टीच्या बाजूने वा विरुद्ध बोलणे आमचे काम नव्हे, आणि याबाबतीत एका पार्टीस दोष देऊन दुसरीस सोडावे असेही काही नाही. मतदानाच्या तीन दिवस आधी रात्री दाराची कडी वाजली. एक ओळखीचा मनुष्य आला, चार मतांचा हिशेब करून एक पाकीट उंबऱ्याच्या आत ठेवून गेला. आम्ही 'नको' म्हणालो, पण असे म्हणालो की त्याला ऐकू जाऊ नये. तो गेल्यावर आम्ही ते पाकीट देवाच्या फोटोमागे ठेवले. मनाशी म्हटले, मत आपण आपल्याच मनाने देणार, मग पैसे ठेवले काय अन् परत केले काय! घरोघरी गेले आहेत. एकट्याने परत करून वैर कशास घ्या? अशा रीतीने दोन रात्री आम्ही स्वतःची समजूत घातली. मास्तर माणूस, समजूत घालण्यात पटाईत!

आमची आई चौथी शिकलेली. तिने देवाला फूल वाहताना ते पाकीट पाहिले. ती रागावली नाही. चुलीपुढे बसून एवढेच म्हणाली, "घेतलंस तर घेतलंस बाबा. पर मग तेरा डिसेंबरला गारगोटीला हार घिऊन जाऊ नगंस."

त्या रात्री आम्हास झोप आली नाही. पहाटे उठून आम्ही ते पाकीट त्या माणसाच्या घरी नेऊन दिले. रागाचा एकही शब्द तो बोलला नाही. मात्र त्या हंगामात आमच्या उसाच्या तोडीचा नंबर मागे मागे जात राहिला. आज येतो, उद्या येतो, म्हणत टोळी आमच्या शेजारच्या वावरातून दोनदा निघून गेली. उसाला तुरे आले, वजन घटले. शेतकऱ्यास या नुकसानीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बांधावर उभे राहून तुरे पाहताना एकदा नव्हे, दहादा आमच्या मनात आले, की पाकीट ठेवले असते तर बरे झाले असते.

ही गोष्ट आम्ही शौर्य म्हणून सांगत नाही. शौर्य असते तर पाकीट पहिल्या रात्रीच परत गेले असते. आणि काही टन ऊस ही काय सातजणांच्या पुढे मांडण्याची वस्तू आहे? आम्ही सांगतो ते एवढ्यासाठी, की त्या हंगामात आम्हास प्रथमच त्यागाचे वजन कळले. पुस्तकातून आम्ही तो धडा वीस वर्षे शिकवीत होतो. 'त्यांनी प्राणांची आहुती दिली' हे वाक्य फळ्यावर शेकडो वेळा लिहिले. परंतु थोड्याशा उसासाठी आमचे मन एवढे कुरकुरले, तर ज्यांनी सर्वस्व दिले त्यांची छाती केवढी असेल! खरी कृतज्ञता आमच्या मनात त्या दिवशी उपजली. तोवर आम्ही नुसते हार घालीत होतो.

आता त्या सुताराच्या पोराच्या प्रश्नाकडे येतो. देणे किती सालांत फिटणार?

बाळ, सावकाराचे देणे सावकाराला देऊन फिटते. परंतु जे वारले ते परत घ्यायला येत नाहीत. मग हे देणे द्यायचे कोणास? शेतकऱ्याच्या पोराला हे पाण्याच्या पाळीवरून कळेल. पाटाचे पाणी वरच्या वावरातून आपल्याकडे येते. वरच्याने आपली पाळी संपताच बांध फोडून पाणी खाली सोडले, म्हणून आपला ऊस भिजला. आपण त्याचे उपकार कसे फेडतो? त्याच्याकडे पाणी उलटे चढवून नव्हे! आपली पाळी संपली की खालच्या वावराकडे पाणी सोडायचे, हीच फेड. जो मनुष्य वरच्याला रामराम घालतो आणि खालच्याचे पाणी अडवतो, तो कृतघ्न होय, मग त्याने वरच्याला कितीही हार घालोत. हे देणे कोणत्याही सालात फिटून संपत नाही. ते फक्त पुढे चालवायचे असते.

मग आपल्या गावात पाणी कोठे कोठे अडले आहे, ते पाहा.

पहिले, मत. निवडणुकीच्या रात्री दारात येणारे पाकीट हे आपल्याच पैशाचे असते. पुढे रस्त्यातून, गटारातून, घरकुलाच्या यादीतून ते आपल्याकडूनच दामदुपटीने वसूल होते. एका घराने परत केले तर त्या घराचा ऊस अडतो. पन्नास घरांनी परत केले तर कोणाकोणाचा अडवतील? एकट्याला जो त्याग वाटतो तो पन्नासांत वाटून घेतला तर नुसती गैरसोय उरते.

दुसरे, मुली. आठवी-नववीत आलेली पोर 'स्थळ चांगले आहे' म्हणून शाळेतून काढणारे बाप आपल्यात आहेत. शाहू महाराजांच्या राज्यात बापास महिना रुपया दंड होता. आज दंडाचे भय नाही म्हणून लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राचीही लाज नसावी काय? पोरगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्या हातातली पाटी कोणी काढून घेऊ नये, आणि कोणी घेत असेल तर भावकीने गप्प बसू नये.

तिसरे, पंगत. यात्रेच्या जेवणात सर्व एकत्र बसतात असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु काही मंडळी स्वतःहूनच पंगतीच्या टोकाला बसतात, आणि 'त्यांची ती रीतच आहे' असे आपण म्हणतो. ती रीत त्यांची नव्हे, आपलीच आहे. पुढच्या यात्रेत आम्ही त्या टोकाला जाऊन बसणार आहोत. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी यावे.

यात तुमचा प्राण कोणी मागत नाही. सोनेही मागत नाही. थोडी भीती सोडा, थोडा स्वार्थ सोडा, एवढीच कळकळीची विनंती आहे. मोठ्या त्यागाची वेळ त्या सातजणांवर आली आणि त्यांनी ती निभावली. आपल्या वाट्याला लहान त्याग आला आहे. तो तरी आपण टाळू नये.

पुढच्या वर्षी १३ डिसेंबरला आपण पुन्हा गारगोटीस जाऊ. हार अवश्य घेऊन जाऊ. मात्र निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरातील देवाच्या फोटोमागे एकदा हात घालून पाहावा. हात रिकामा आला, तर हार उचलावा.

आमचे भाषण लांबले, याची क्षमा असावी. आयाबहिणींना भाकरीची घाई आहे आणि गड्यांना रात्रीच्या लाईटीवर पाणी पाजायला जायचे आहे. पाणी पाजून झाल्यावर खालच्याचा बांध मोकळा करण्यास विसरू नका, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.